बोर्डाच्या वरची जागा

१

एरंडोलच्या चुडामण आबांच्या घरी बुधवारी दुपारी एक वाजता त्यांची लेक मोनाली न्हाणीघरातून बाहेर आली. पायरी उतरताना आधार म्हणून तिने शेजारच्या विजेच्या पेटीला ओला हात लावला आणि तो हात तिथेच चिकटला. ओरडायलाही आवाज फुटेना. नेमके त्याच वेळी आबा जिन्यातून खाली येत होते. त्यांनी हातातली काठी तिच्या मनगटावर मारली, तेव्हा कुठे हात सुटला आणि ती मटकन खाली बसली. मोनालीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, म्हणून ती पंधरा दिवसांपूर्वीच माहेरी आली होती.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला एक दिवस ठेवून घेतलं, पोटातल्या बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकले आणि गुरुवारी सकाळी घरी सोडलं. दोन्ही जीव सुखरूप होते. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग रागाला जागा मिळाली. मोनालीचा भाऊ जितेंद्र म्हणाला, "घराची वायरिंग आमिरने केलीय. शनिवारी सकाळी त्याच्यावर पोलिसांत तक्रार देतो."

तो आमिर गुरुवारी संध्याकाळी धुळ्याला, देवपुरात, आमच्या ओट्यावर येऊन बसला.

आम्ही कोण, तेही सांगतो. मी वना सोनवणे, निवृत्त मराठीचा मास्तर. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. माझी बायको कुंदा मात्र तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमन होणाऱ्या पोरांना शिकवत होती. अर्ध्या खानदेशातले दिवे आपल्या पोरांनी लावलेत असं ती म्हणते, आणि उरलेले अर्धे का लुकलुकतात तेही न विचारता सांगते. आमिर तिच्या हाताखालून गेलेला.

मी पाण्याचा तांब्या दिला, तर तो पोरगा नुसता हातात धरून राहिला.

"मॅडम, तुम्ही येऊन माझं काम उघडून बघा," तो म्हणाला. "चूक माझी निघाली तर मी पक्कड खाली ठेवतो, पुन्हा हातात धरणार नाही. पण ते लोक मला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. जितू आणि मी एका बाकावर शिकलो. मोनालीच्या लग्नात मांडवाची लायटिंग तीन दिवस खपून मीच केली होती. आणि पोलिसांत एकदा नाव गेलं, की गावात मला कोण काम देणार?"

"बोर्डाचा फोटो आहे?"

जितेंद्रने रागाच्या भरात पाठवलेला एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. कुंदाने चष्मा चढवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"पेटीच्या वरून हा पाइप गेलाय, तो तुझ्यासमोर होता?"

"कुठला पाइप?"

पेटीच्या डोक्यावरून, जेमतेम चार बोटं अंतर ठेवून, पाण्याचा पांढरा पाइप आडवा गेला होता. आमिर इतका वेळ फोटोत फक्त आपली पेटी बघत होता. आता तो पाइपाकडे बघतच राहिला.

"मॅडम, मी पेटी लावली तेव्हा तिथे कोरी भिंत होती," तो म्हणाला.

२

शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. पारोळा मागे पडेपर्यंत खिडकीतून वारा बरा येत होता, पुढे त्याची धग झाली. मे महिना खानदेशात कोणाला सोडत नाही.

आबांच्या घरासमोर निंबाचं मोठं झाड आहे. आमिर त्याच्या सावलीत थांबला. हत्यारांची पिशवी त्याने बुंध्याशी ठेवली आणि म्हणाला, "तुम्ही जा. मी इथेच आहे."

सुनंदाबाईंनी, म्हणजे मोनालीच्या आईने, आमचं स्वागत केलं. पण डोळे रडून सुजलेले होते. जितेंद्रने नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दाराशी खाटेवर आबा बसले होते, खाली घडी केलेलं गोणपाट घेऊन. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मान हलवली, बस्स.

"बुधवारपासून तोंड उघडलं नाही त्यांनी," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. "दोन घास खातात, उठतात. आंघोळीचं तर त्याआधीच सोडलंय. लेक आल्यापासून दोन-तीनदा केली असेल. म्हातारपणी माणसाला काय होतं, देव जाणे. ते तेव्हा जिन्यात होते, तेवढं नशीब."

घराची लाइन बुधवारीच खांबावरून तोडून ठेवली होती, तरी कुंदाने आधी टेस्टर लावून खात्री केली. मग ती पेटीसमोर उभी राहिली आणि मला कळलं, आता रागावणार.

तिचा एक नियम तिच्या पोरांना आणि मला तोंडपाठ आहे. बोर्डासमोर मीटरभर मोकळी जागा, आणि बोर्डाच्या वर छतापर्यंत पाण्याचं काहीही नाही. नळ नाही, पाइप नाही, टाकी नाही. मी एकदा आमच्या बोर्डावर हौसेने मनीप्लांटची बाटली टांगली होती. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

"हे बघा," ती म्हणाली. पेटीच्या माथ्यावर चुन्यासारखा पांढरा गोल डाग होता. बरोबर त्याच्या वर, पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या टोकालाही तसाच पांढरा खडा. तिने नखाने खरवडला. "बोअरचं जड पाणी वाळलं की हे उरतं. इथे पाणी पडलंय. एकदा नाही, रोज."

पाइप बसवणारे रुपचंद मिस्त्री शेजारच्या गल्लीतलेच. ते निरोप मिळताच आले, पण भांडायच्या तयारीने.

"मॅडम, गच्चीवरून पाइप भिंतीतल्या भोकातून आत येतो आणि न्हाणीघरात जातो. या भिंतीवर एकही जोड नाही. सलग आहे. जोडच नाही तर गळेल कुठून?"

त्यांनी पेटीच्या माथ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि न्हाणीघरातला नळ सोडला. मग नळ बंद करून आम्ही तासभर बसलो. सुनंदाबाईंनी चुलीवरचा चहा दिला. कागद शेवटपर्यंत कोरडा ठणठणीत राहिला.

"पण बोर्डावरूनच का नेला?" कुंदाने विचारलं.

"लेकीसाठी न्हाणीघर नवं बांधलं. ती यायला चारच दिवस उरलेले. मागून फिरवून आणायचं तर भिंत फोडावी लागत होती, ती आल्यावर धूळ आणि ठोकाठोक. आबा म्हणाले, सरळ ने. मी नेला." रुपचंद जरा नरमले. "भिंत नुकती रंगवलेली, कोरी करकरीत. इथे नको असं कोणी सांगितलंही नाही."

पाइप गळत नाही, आणि पेटीवर पाणी तर रोज पडलं. कुंदा माझ्याकडे वळली. "मास्तर, बोला आता."

मी म्हणालो, "भुताटकी."

तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि पेटीचं झाकण उघडलं. पुढच्याच क्षणी ती म्हणाली, "अहो, या घरात माणसाला वाचवणारा स्विच कोणीतरी मारून टाकलाय."

३

पेटीत एक स्विच असा असतो, की वीज थोडी जरी वाट चुकली तरी तो आपोआप पडतो आणि माणूस वाचतो. इथे तो स्विच जागेवर होता, पण त्याला बगल देऊन एक लाल वायर परस्पर जोडलेली होती. स्क्रूची खाच खाल्ली गेली होती, भाजी चिरायच्या सुरीने पिळावी तशी.

"आमिरने असा स्क्रू पिळला असता तर मी त्याला दुसऱ्या वर्षात जाऊ दिलं नसतं," कुंदा म्हणाली. "जितेंद्र, सुरी तुझी की आईची?"

जितेंद्रने आईकडे पाहिलं. मग भिंतीवरून घसरत खालीच बसला.

"तो स्विच रोज पडायचा, मॅडम. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. दुपारी बारा-साडेबाराला पडायचा आणि दोन वाजेपर्यंत उचलला तरी टिकायचा नाही. मोनालीचा कूलर बंद. चव्वेचाळीस डिग्री, आणि ती अशी. घामाघूम होऊन बसायची, पण तक्रार करायची नाही. आमिर चाळीसगावला साइटवर होता, शनिवारी येतो म्हणाला. आठ दिवस मी तिला वारा घातला. मंगळवारी स्विच डायरेक्ट केला."

"आणि बुधवारी तिला शॉक लागला."

"हो." त्याने तोंड पुसलं. "माझं चुकलं, कबूल. पण स्विच पडत होता तो पेटीतच काही खोट होती म्हणून ना? पाणी म्हणता, तर पाइप तुमच्यासमोर कोरडा निघाला. मग खोट वायरिंगची. मी चुकलो म्हणून आमिर सुटत नाही."

खरं सांगायचं तर मलाही त्याचं म्हणणं पटत होतं. कुंदाने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि नाक मुरडून मागच्या अंगणात गेली.

मागच्या भिंतीशी अर्थिंगचा खड्डा होता. चुकलेली वीज या खड्ड्यातून जमिनीत जायची, पण त्यासाठी जमीन ओली हवी. उन्हाळ्यात खड्ड्याला दर आठवड्याला बादलीभर पाणी घालावं लागतं. इथली काळी माती अशी फाटली होती की भेगेत माझं अख्खं बोट गेलं.

"आमिर सांगून गेला होता," मागे उभ्या राहिलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात मीच घालते. यंदा बोअरचं पाणी खाली गेलं. मोटर पंधरा मिनिटांत हवा ओढते. पाणी मोजून वापरतो आम्ही, माणशी एक बादली. मग खड्ड्याची बादली मी पोरीच्या कूलरमध्ये ओतली. म्हटलं जमीन काय, राहील तहानलेली." त्यांनी पदराने डोळे टिपले. "माझ्यामुळे झालं का हो, ताई?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही, अक्का," कुंदा म्हणाली. तिचा आवाज एवढा मऊ मी क्वचित ऐकतो.

मग मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "वाचवणाऱ्या दोन्ही वाटा कशा बंद झाल्या ते कळलं. पण मुळात पाणी कुठून आलं? आणि ते दुपारीच का येतं? दुपारी या घरात काय होतं, ते जिचं तिलाच विचारू."

४

मोनाली आतल्या खोलीत पडून होती. हसरी पोर. मनगटावर काठीचा निळा वळ.

"आबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं," तो वळ दाखवत ती म्हणाली. "आमिरभाऊवर तक्रार नको म्हणून मी दादाला सांगितलं. पण तो ऐकत नाही."

"दुपारी काय करतेस तू रोज?"

"आंघोळ. सकाळी एक आणि साडेबाराला एक. आई, आबा, दादा तिघंही म्हणतात, आमचं पाणी कमी पडलं तरी चालेल, तुझं नाही."

"भर दुपारी? पाइपातलं पाणी चटके देत असेल."

"लहानपणी द्यायचं ना. सहा वर्षांची असताना मी असाच दुपारी नळाखाली हात धरला, तर तळहाताला फोड आले. आबा मला उचलून दवाखान्यात पळाले होते, अनवाणी. त्यांच्या पायांना माझ्यापेक्षा जास्त फोड आले." ती हसली. "पण या खेपेला पाणी छान येतं, काकू. माठातल्यासारखं. नवी टाकी बसवली वाटतं."

कुंदा उठली. बाहेर आल्यावर तिने सुनंदाबाईंना विचारलं. टाकी तीच होती, बारा वर्षांपूर्वीची.

मी पुन्हा पेटीसमोर उभा राहिलो. एवढी वर्षं वह्या तपासल्या, त्यामुळे कुठे काही खरडलेलं दिसलं की नजर तिथे जाते. पाइप आणि पेटी यांच्यामधल्या त्या चार बोटांच्या पट्टीत भिंतीचा रंग एका जागी ओघळाने धुऊन गेला होता आणि खालून पेन्सिलीची अक्षरं डोकावत होती. ओला रुमाल फिरवला तसा आणखी रंग सुटला. वाचलं: "वर पाइप नको."

"हे आमिरचं अक्षर," मी म्हणालो. "'प'चं पोट बघ. आपल्या ओट्यावर बसून जर्नल लिहायचा, तेव्हापासून असंच फुगवतो."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण ती चष्मा पुसत बसली. पोरांना ती शिकवायचीच तसं. तुम्ही उद्या तिथे नसाल, मिस्त्री उद्या येईल, भिंतीवर लिहून ठेवा. पोराने लिहून ठेवलं होतं. नव्या रंगाने ते झाकलं आणि पाण्याने पुन्हा उघडं केलं.

"अहो, पण हा ओघळ," ती एकदम म्हणाली. तिने बॅटरी घेतली आणि पाइपाच्या पोटाखालून उजेड टाकला. क्लॅम्पपासून एक बारीक पांढरी रेघ पाइपाच्या पोटाने मागे मागे जात होती, थेट भिंतीतल्या भोकापर्यंत.

"रुपचंदभाऊ खरं बोलले. पाइप गळत नाही. पाणी पाइपाच्या आतून नाही आलं, अंगावरून आलं." तिने भोकाकडे बोट दाखवलं. "बाहेरून. चला गच्चीवर."

५

बारा वाजत आले होते. गच्चीवर पाय ठेवला आणि चप्पल असूनही तळव्यांना कळलं. टाकी निंबाच्या सावलीत होती, पण तिच्यातून निघालेला पाइप वीस फूट उघड्या उन्हात पडलेला होता. पुढे तो कठड्यावरून बाहेरच्या भिंतीने खाली उतरून भोकातून घरात शिरत होता. मी पाइपाला हात लावला आणि झटक्याने काढला.

पाइपावर जागोजागी पांढरे पट्टे होते, काहीतरी ओलं गुंडाळून ते तिथेच वाळावं तसे. कठड्याशी एक रिकामी बादली पालथी घातलेली होती. कुंदाने भिंतीच्या कडेला पाइपाला चिकटलेला एक धागा सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. तागाचा धागा, गोणपाटाचा.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "एरंडोलच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता म्हातारा माणूस गच्चीवरून खाली का येत होता?"

मला खाटेवर घडी करून ठेवलेलं गोणपाट आठवलं. त्याच्या कडेला पांढरी किनार होती, मी ती नक्षी समजलो होतो. सुनंदाबाईंची आंघोळीची तक्रार आठवली. माणशी एक बादली.

"स्वतःच्या आंघोळीचं पाणी," मी म्हणालो.

"रोज बाराला वर यायचं, गोणपाट भिजवून पाइपाला गुंडाळायचं, लेकीची आंघोळ होईस्तोवर ओलं ठेवायचं. माठ गार राहतो तसा पाइप गार. एक वाजता गोणपाट काढून खाली यायचं, कोणाला पत्ता नको. आणि गोणपाटातलं पाणी पाइपाच्या अंगाने उतरत, भोकातून आत, क्लॅम्पवरून पेटीवर. दोन तासांत या उन्हात सगळं सुकून जायचं. म्हणून सकाळी कागद कोरडा राहिला." ती त्या तापलेल्या कठड्याला टेकून उभी राहिली. "हे उत्तर मला नको होतं."

"सांगायला तर हवं. नाही तर चोर सोडून संन्याशाला फाशी."

"इथे चोर कोण आहे हो?" ती म्हणाली. "सांगितलं तर म्हातारा मनाने मरेल. आपल्याच हाताने लेकीला... आणि नाही सांगितलं तर आमिर जन्मभर मान खाली घालून फिरेल. तुम्ही सांगा काय करू."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. तिने मला असं विचारल्याचं आठवत नाही. खालून जितेंद्र हाका मारत होता.

६

ओसरीवर सगळे जमले. मोनालीही भिंतीला धरून येऊन बसली. कुंदाने आमिरला बोलावलं. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

"कोणाला शिक्षा करायला मी आलेले नाही," कुंदाने सुरुवात केली. "फक्त काय झालं ते सांगते. आमिरने पेटी लावली, ती बरोबर लावली. वर पाइप नको असं भिंतीवर लिहूनही ठेवलं. रंगाखाली ते झाकलं गेलं आणि पोर यायच्या आत काम व्हावं म्हणून पाइप जवळच्या वाटेने नेला. दुपारी पेटीत पाणी जाऊ लागलं. स्विच पडू लागला, म्हणजे तो आपलं काम करत होता. बहिणीला वारा मिळावा म्हणून भावाने तो बंद केला. अर्थिंगने तरी वाचवलं असतं, पण त्याची बादली आईने कूलरला दिली. सगळ्यांनी आपापली माया त्या एकाच पेटीवर आणून ओतली आणि मधे बोटभर जागा कोणी सोडली नाही."

"आणि पाणी?" जितेंद्रने विचारलं. "पेटीत पाणी गेलं कसं?"

"बाहेरून. पाइपाच्या अंगावरून."

"सात महिने पावसाचा टिपूस नाही, मॅडम. बाहेर कुठलं पाणी?"

कुंदाने तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गात तिला कधी शब्द सापडला नाही असं झालेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. उंबऱ्यावर आमिरने मान खाली घातली.

तेव्हा खाटेवरून अहिराणीत आवाज आला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"ते पानी मनं शे."

पाणी माझं आहे, म्हणणाऱ्या त्या आवाजाकडे सगळे वळले. आबा उभे राहिले होते. हातात ते गोणपाट.

"पोर दुपारले न्हास. पाइप तापस. तिना हात पुन्हा भाजी जाई म्हनीसन हाई रोज ओलं करीसन गुंडाळं. मना आंघोळनं पानी व्हतं ते, दुसरा कोनं नही." त्यांनी गोणपाटाची घडी मुठीत आवळली. "बुधवारले पेटीवर थेंब दिखना, तवयच माले समजनं. पन तोंड उघडानी हिंमत नही व्हयनी. बठ्ठं मनंच करेल शे. पोलिसले मनं नाव सांग, जितू. आमिरनं नही."

सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. सगळं आपलंच केलेलं आहे म्हणणाऱ्या बापाकडे जितेंद्र बघत होता.

मोनाली उठली. कुंदाने तिला धरलं, पण ती हात सोडवून हळूहळू खाटेपाशी गेली आणि आबांच्या हातातलं गोणपाट घेऊन तिने खाली ठेवलं. मग आपला तळहात त्यांच्या तळहातात दिला. काठीचा वळ वर होता.

"मी आईला विचारणारच होते, आबा," ती म्हणाली, "की यंदा पाणी इतकं गार कसं येतं."

म्हातारा तिच्या हातावर कपाळ टेकून रडला. रडू द्यावं असंच ते रडणं होतं.

जितेंद्र उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, त्याला हे बघवलं नाही. पण तो निंबाखालची आमिरची हत्यारांची पिशवी घेऊन परत आला, उंबरा ओलांडून ती पेटीपाशी नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आत ये ना. किती वेळ उभा राहणार?"

७

त्या दिवशी आम्हाला धुळ्याची एसटी मिळाली नाही, म्हणजे कुंदाने मिळू दिली नाही. रुपचंद मिस्त्रींनी पाइप मागच्या भिंतीने फिरवून नेला, न्हाणीघरात मागूनच. आमिरने पेटी पुसून सुकवली, स्विच नवा बसवला, लाल वायर काढून जितेंद्रच्या हातात दिली. जितेंद्रने ती खिशात ठेवली, का कोण जाणे. पेटीवरची भिंत आता छतापर्यंत मोकळी होती. रुपचंद ती अक्षरं रंगवून देतो म्हणाले, तर सुनंदाबाईंनी "राहू द्या" म्हटलं.

शनिवारी, ज्या सकाळी तक्रार व्हायची होती त्या सकाळी, आमिर आबांना हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेला. मी मागोमाग.

"आबा, हे बघा. पाइप घरात शिरायच्या आधी मी रुपचंदभाऊंना तो बाहेरच खाली वाकवून मग वर घ्यायला सांगितला. त्याच्या अंगावरून कितीही पाणी आलं तरी या वाकावरून बाहेरच टपकणार, आत नाही जाणार. आणि टपकणार कुठे, ते बघा."

वाकाच्या बरोबर खाली अर्थिंगचा खड्डा होता.

आबा वाकाकडे, खड्ड्याकडे आणि मग आमिरकडे बघत राहिले.

"गोणपाट बंद करू नका," आमिर म्हणाला. "रोज ओलं करा. खड्ड्यालाही तेवढंच पाणी मिळेल."

साडेबाराला मोनाली आंघोळीला गेली. आबा गच्चीवरून खाली आले, आणि लपतछपत खाटेवर जाऊन न बसता न्हाणीघराच्या दाराशी उभे राहिले. मागच्या अंगणात खड्ड्यात थेंब पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी घसा खाकरला.

"गार शे ना, माय?"

आत पाण्याचा आवाज थांबला.

"गार आहे, आबा," मोनाली म्हणाली. "माझं झालं की तुम्ही करा आंघोळ. माझ्या बादलीतलं अर्धं ठेवलंय तुमच्यासाठी."